भीमेची वाळू, मुळेचं खोरं

लढाई संपून दुसरा उन्हाळा लागला होता. मी तेव्हा नगरच्या एका मिशन शाळेत मुलींच्या तिसरीला शिकवत होते. तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा असायचा: तालुके, नद्या, डोंगर, पिकं. शाळेतला जुना नकाशा वाळवीनं खाल्ला, म्हणून मी मांजरपाटावर नवा काढायला घेतला. दोन आठवडे रोज संध्याकाळी घरी बसून तो रंगवला. तालुक्यांच्या सीमा तांबड्या, नद्या निळ्या आणि अकोल्याच्या कोपऱ्यात तपकिरी डोंगर. काठी लावायला यजमानांनी तो हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही भीमा का?"

"हो."

"तू बघितलीस?"

"नाही."

"आन् हे डोंगर?"

"तेही नाही."

"मग पोरींना सांगतीस कसं?"

"पुस्तकात आहे ना," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. हसले असते तर मला राग तरी आला असता. "पुस्तक लिवनारा तरी गेल्ता का, कोन जाने," एवढंच म्हणाले आणि खिळे ठोकू लागले.

मला ते लागलं. माझं माहेर राहुरीचं, शिक्षण आणि नोकरी नगरची. या दोन गावांमधला रस्ता सोडला तर जिल्ह्यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. आणि ज्यांनी विचारलं ते चौथीच्या पुढे शाळेत गेले नव्हते.

आमचं लग्न पाळकसाहेबांनी जुळवलं होतं. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास, ट्रेनिंग झालेली. ते लष्करात ट्रक चालवून आलेले, तीन वर्षं आफ्रिकेच्या वाळवंटात काढलेले. माणूस सरळ होता, दारू-तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. पण शिक्षिकांच्या खोलीत कुणी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" की मी म्हणायची, "लष्करात होते." आता काय करतात ते सांगायची नाही. आता ते एका मालवाहतुकीच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. हे मी आज लिहिते आहे, कारण ते खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते.

मालकानं लष्कराच्या लिलावात एक अमेरिकन ट्रक घेतला होता. तो चालत नव्हता, ओढत आणावा लागला. यजमानांनी हिवाळाभर रोज काम संपल्यावर त्याच्याखाली पडून तो दुरुस्त केला. फाल्गुनात तो पहिल्यांदा धडधडत आमच्या गल्लीत आला तेव्हा शेजारच्या कोंबड्या कौलांवर चढल्या. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर लावता येईल अशी त्याची रचना होती. चढावर किंवा वाळूत एक दांडा ओढला की चारी बाजूंनी तो जमीन धरायचा. तसा दुसरा ट्रक तेव्हा नगरात कुणाकडे नव्हता, निदान आमच्या गल्लीची तशी खात्री होती.

मे महिन्यात मालकाकडे दोन कामं आली. कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी एका शेतकऱ्याला पाणी उपसायचं इंजिन आणि लोखंडी पाइप पोचवायचे होते. आणि अकोल्याच्या डोंगरात एका वाडीवर हिरडा गोळा झाला होता, तो आणायचा होता. एक काम जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि दुसरं पार दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे शेवटचे काही मैल रस्ता नाही, म्हणून कुणी जायला तयार नव्हतं. यजमानांनी दोन्ही कामं घेतली आणि मालकाला एकच अट घातली: मंडळी बरोबर येतील.

घरी येऊन मला म्हणाले, "तुला सुट्टी हाय. चल. नकाशा घे संगं."

मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. "ट्रकमधून? राहणार कुठे?"

"ट्रकमध्येच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. 

ट्रकवर कमानी होत्या, त्यांच्यावर ताडपत्री. मागे इंजिन आणि पाइप घट्ट बांधले, आणि पुढच्या अंगाला आम्हा दोघांपुरती जागा ठेवून तिथे सतरंजी, दोन घोंगड्या, पिठाचा डबा, तवा, बादली असा संसार मांडला. गाडीच्या नाकाला कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगली. वाऱ्यानं त्यातलं पाणी माठासारखं गार व्हायचं. ही लष्करातली युक्ती होती.

ट्रक अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. मी उजवीकडे बसायची, म्हणजे इथल्या गाड्यांमध्ये जिथे ड्रायव्हर बसतो तिथे. मला याचं काही वाटलं नव्हतं. कर्जतच्या बाजारात गाडी थांबली आणि बघता बघता गर्दी झाली तेव्हा उलगडा झाला. मुंडासं बांधलेला एक म्हातारा माझ्या खिडकीशी आला, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे वळून लोकांना म्हणाला, "बाई हाकतीया गाडी."

मी सांगायला गेले की नाही, हे चालवतात. तोवर यजमान पलीकडून म्हणाले, "व्हय बाबा. मी नुसता बसलोय."

म्हाताऱ्यानं मला हात जोडले. पुढे आठ-दहा गावांत हेच झालं. पहिल्या एक-दोन गावांत मी लाजले. नंतर पाठ ताठ करून बसू लागले.

कर्जतच्या पुढचा मुलूख मी वर्गात 'अवर्षणग्रस्त' या एका शब्दात उरकत होते. तो शब्द तिथे फारच लहान वाटला. मैलोन्‌मैल उघडा माळ, मुरमाचा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा. मध्येच एखादी हिवर, तरवडाची झुडपं. वारा सुटला की धुळीचा खांब उभा राहायचा आणि आमच्या बरोबरीनं चालायचा. पहिला मुक्काम आम्ही त्या माळावरच केला. सकाळी जाग आली तेव्हा यजमान ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला बोलावलं. ट्रकपासून शंभर पावलांवर काळविटांचा कळप चरत होता. पुढचा नर मान वर करून आमच्या गाडीकडे बघत होता, जसा त्या बाजारातला म्हातारा बघत होता तसाच.

मग त्यांनी चहा केला. रिकामा डबा अर्धा कापला, त्यात माती भरली, वर थोडं पेट्रोल ओतलं, काडी लावली. पाण्याला पाच मिनिटांत उकळी. "तिकडं असाच करायचो," ते म्हणाले. "सकाळी जिकडं बघावं तिकडं असे डबे पेटलेले. शेकड्यानी."

"भीती वाटायची?"

"चहाच्या वेळेला न्हाई."

लढाईबद्दल ते याहून जास्त कधी बोलत नसत. मीही विचारत नसे. त्या माळावर मात्र मी विचारत राहिले आणि ते सांगत राहिले, रस्ता नसलेल्या मुलखात दिशा कशी ठेवायची, वाळूचा रंग बघून ती कडक की भुसभुशीत हे कसं ओळखायचं. दोन वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

हे सगळं कशाच्या कामी येतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. शेतकऱ्याचं गाव दिसत होतं, पण त्याची जमीन भीमेच्या एका वळणापलीकडे होती आणि मधली पांद ट्रकला अरुंद. बैलगाडीत इंजिन चढवायचं तर गाडीचा आस मोडला असता. एकच वाट उरली होती, नदीच्या पात्रातून. उन्हाळ्यात भीमा एका कडेला आक्रसून वाहत होती आणि बाकी सगळं वाळवंट, अर्धा मैल तरी. आमच्याकडे वाळवंट म्हणजे नदीचंच. दुसरं वाळवंट पाहिलेला तिथे एकच माणूस होता.

शेतकरी समजूतदार होता. म्हणाला, "बैलांच्या चार जोड्या हायेत. गाडी रुतली तर वडून काढू."

"बैल राहू द्या," यजमान म्हणाले. "बारदानं हायेत का?"

ते अनवाणी पात्रात उतरले. शंभर-शंभर पावलं चालायचे, टाच रोवायचे, पुढे जायचे. परत आले ते वेगळ्याच बाजूनं. मग खाली बसून त्यांनी चाकांतली हवा सोडायला सुरुवात केली. जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. एकजण हसला आणि म्हणाला, "आता तर जागची बी हलनार न्हाई." मलाही मनातून तेच वाटत होतं. चाकं बसकी झाली, ट्रक म्हशीसारखा खाली बसला.

"पसरलं चाक म्हंजी वाळूवर तरंगतं," ते मला हळूच म्हणाले. "उंटाचा पाय बघितलास का कधी?"

मी पुस्तकातसुद्धा उंटाच्या पायाकडे नीट पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला काठावर थांबायला सांगितलं. मी म्हणाले, मी बसणार. त्यांनी एकवार पाहिलं आणि दांडा ओढला. ट्रक पात्रात उतरला. ते वेग वाढवत नव्हते, कमीही करत नव्हते. स्टिअरिंग दोन बोटांनी धरल्यासारखं, पण हातांच्या शिरा तट्ट फुगलेल्या. अर्ध्या वाटेवर मागचं एक चाक जागच्या जागी फिरू लागलं आणि वाळू ताडपत्रीपर्यंत उडाली. त्यांनी लगेच पाय काढला, उतरले, हातांनी वाळू उकरली, चाकांपुढे बारदानं अंथरली. मी दुसऱ्या बाजूची अंथरली. पुन्हा बसलो. ट्रक बारदानांवर चढला, डोलला आणि निघाला. वळणापलीकडे काठावर चढला तेव्हा मागून आरोळी उठली, आणि बैल सोडून माणसं पात्रातून धावत आली.

हसणारा तो माणूस सगळ्यात आधी पोचला. त्यानं हवा भरायचा पंप माझ्या हातातून घेतला आणि चारी बाजूंच्या चाकांत हवा भरून दिली. दुपारी शेतकऱ्याच्या घरी हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकर जेवलो. इंजिन चालू होऊन पाइपातून पाण्याची पहिली धार पडली तेव्हा शेतकऱ्याच्या आईनं ओंजळ धरली आणि ते पाणी आधी यजमानांना दिलं.

परतीच्या वाटेवर मी नकाशा उघडला. भीमेच्या त्या वळणाची रेघ मी सरळ ओढली होती. ती खोडून शिसपेन्सिलीनं दुरुस्त केली. गाडी हलत होती, रेघ वाकडी आली. भीमाही तशीच होती.

नगरला एक दिवस थांबून आम्ही संगमनेरवरून अकोल्याकडे निघालो. मधला रविवार रस्त्यात आला. एका चिंचेखाली ट्रक उभा करून आम्ही दोघांनी प्रार्थना केली आणि दोन गीतं गायली. त्यांचा आवाज खर्जातला होता. चर्चमध्ये सगळ्यांच्या आवाजात तो मला कधी वेगळा ऐकू आला नव्हता.

हिरड्याच्या वाडीला जाण्याआधी भंडारदऱ्याचं धरण बघायचं, हा माझा हट्ट होता. दर वर्षी मुलींकडून त्याची माहिती पाठ करून घ्यायची मी. धरणाच्या भिंतीशी गाडी उभी केली. मी खाली उतरले, नऊवारी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, केसांत माती, हातांना ग्रीस. समोरून शिक्षणखात्यातले एक साहेब सहकुटुंब फिरत येत होते. गेल्याच वर्षी त्यांनी माझा वर्ग तपासला होता. परत ट्रकमध्ये बसायला वेळ नव्हता.

त्यांनी मला ओळखलं. "बाई, तुम्ही इथे? या मालाच्या ट्रकमधून?" मग यजमानांकडे पाहिलं. ते बॉनेट उघडून पाणी बघत होते. "आणि हे?"

शिक्षिकांच्या खोलीतलं नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते गिळलं.

"हे माझे यजमान," मी म्हणाले. "ट्रक ड्रायव्हर आहेत. गेल्या आठवड्यात यांनी भीमेच्या पात्रातून इंजिन नेलं. आता हरिश्चंद्रगडाच्या अंगाला जिथे गाडी गेलेली नाही तिथे न्यायची आहे. जिल्हा कसा आहे ते बघायला मी बरोबर आले आहे."

मी हे जरा मोठ्यानंच म्हणाले असावे, कारण यजमानांनी बॉनेटखालून डोकं वर काढलं.

साहेब "असं का, छान," म्हणाले आणि धरणाची उंची किती, हे त्यांच्या मुलाला विचारू लागले. मुलाला येत नव्हती. मला येत होती, पण मी गप्प राहिले.  त्या दिवशी राजूरला पोचेपर्यंत यजमान मला तीनदा 'बाई' म्हणाले. एरवी ते मला तसं थट्टेनं म्हणायचे. त्या दिवशी थट्टा नव्हती.

राजूरच्या दक्षिणेला डोंगराची सोंड चढून मुळेच्या खोऱ्यात उतरायचं होतं. वाट होती ती गुरांची. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या आणि त्यापलीकडे मोकळी हवा. यजमानांनी गाडी थांबवली, उतरून दोन वळणं चालून आले आणि मला म्हणाले, "मला भायेरचं चाक दिसत न्हाई. तू म्होरं चाल, तोंड माझ्याकडं करून. हात वर केलास की मी थांबीन. तू हात हलवल्याबिगर चाक हलनार न्हाई."

"मला कसं कळेल?"

"चाक आन् कड यांच्यात तुझं एक पाऊल बसलं पायजे. बसत नसलं तर हात वर कर. तेवढंच."

एवढा मोठा ट्रक, आणि तो माझ्या हाताच्या इशाऱ्यावर इंच इंच वर येत होता. मी उलटी चालत होते, पाऊल टाकून जागा मोजत होते. एकदा हात वर केला तेव्हा दगडाखालची माती सुटून खाली गेली, ती कुठे पडली ते ऐकूसुद्धा आलं नाही. आम्ही दोघांनी मिळून मोठे धोंडे आणून तिथे रचले आणि पुन्हा सुरू केलं. तुला जमत नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. माझ्यावर इतका भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता, ट्रेनिंग कॉलेजातसुद्धा.

माथ्यावर सपाटी लागली आणि वाटेला दोन फाटे फुटले. विचारायला माणूस नाही. यजमानांनी रुंद फाटा धरला. मैलभर गेल्यावर एक कोरडा ओढा आडवा आला. मी थांबायला सांगितलं. ओढ्यात उतरून मोठ्या दगडांना अडकलेला पालापाचोळा कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं. पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूलाच तो अडकतो, हे मी वर्गात ओहळाच्या धड्यात सांगायची. मग सूर्याकडे पाहिलं.

"हा ओढा उत्तरेला वाहतो," मी म्हणाले. "म्हणजे याचं पाणी प्रवरेला जातं. आपण परत राजूरच्या अंगाला उतरतो आहोत. मुळा दक्षिणेला आहे. दुसरा फाटा बरोबर."

त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाद घातला नाही, फक्त विचारलं, "नक्की?"

"नक्की."

त्यांनी गाडी वळवली. दुसऱ्या फाट्यावरून अर्ध्या तासात खाली वाडी दिसली. तिच्या खालून दक्षिणेकडे जाणारा नाला होता आणि समोर आभाळाला टेकलेला गड. यजमानांनी इंजिन बंद केलं. "पुस्तक लिवनारा बी हिकडं आल्ता म्हनायचं," ते म्हणाले.

वाडी महादेव कोळ्यांची होती, दहा-बारा घरं. गाडीचा आवाज ऐकून बाया घरात शिरल्या आणि मला बघून बाहेर आल्या. त्यांनी आम्हाला नागलीची भाकर आणि पानावर करवंदं दिली. हिरड्याची पोती घरोघरी रचलेली होती. वर्षानुवर्षं ती डोक्यावर घेऊन सोंड उतरून राजूरला न्यायची, एका खेपेला सबंध दिवस. दाराशी उभी राहिलेली एक म्हातारी मानेला हात लावून दाखवत मला म्हणाली, "माझी मान हिरड्यानं बसली बाई." तिची मान खरंच एका बाजूला कलली होती.

सगळ्यांनी मिळून ट्रक भरला. सकाळी निघायला उठलो तर वाडीतले पुरुष जागेवर नव्हते. बायांना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. सपाटी ओलांडून उताराशी आलो तेव्हा ते दिसले. पहाटेच पुढे जाऊन त्यांनी आदल्या दिवशी आमची चाकं जिथून आली होती ती वाट नीट केली होती. आडवे दगड काढले होते, करवंदीच्या जाळ्या तोडल्या होत्या, आणि जिथे माती सुटली होती तिथे आम्ही रचलेल्या धोंड्यांच्या वर आणखी दोन थर चढवून दगडांचा बांध घातला होता. मी सवयीनं पुढे चालायला उतरले. दोन्ही वळणांवर मला हात वर करावा लागला नाही. पुरुष वाटेच्या कडेला ओळीनं उभे होते आणि भरलेला ट्रक त्यांच्या मधून सावकाश उतरला.

पुढच्या दोन उन्हाळ्यांतही यजमानांनीच तो हिरडा आणला. दुसऱ्या वर्षी वाडीच्या लोकांनी सपाटीवरची वाटही रुंद करून ठेवली होती. मला दोन्ही वेळा बाळंतपणामुळे जाता आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या भागातला एक तरुण मास्तर आमच्या शाळेत ट्रेनिंगच्या पाठासाठी आला. बोलता बोलता मी त्या वाडीचं नाव काढलं आणि आता तिथे कसं जातात म्हणून विचारलं.

"सोपं आहे बाई," तो म्हणाला. "राजूरवरून ड्रायव्हरच्या वाटेनं जायचं."

"कुठल्या ड्रायव्हरच्या?"

"ते नाही माहीत. सगळे तसंच म्हणतात."

मी त्याला घरी जेवायला बोलावलं, आणि यजमान हात धुऊन पाटावर बसल्यावर मी त्याला म्हणाले, "आता त्या वाटेचं नाव यांना पुन्हा सांगा."